सुगतच्या मशीनसाठी जुनी सिस्टीम

‘पोट्ट्याले मांगून हाक मारली तं पायत नाही वो,’ असं रुचिताच्या सासूबाईंनी, म्हणजे पार्वताबाईंनी, तिचा सुगत वर्षाचा होता तेव्हाच सांगितलं होतं. रुचितानं ते मनावर घेतलं नाही. बी.सी.ए. झालेली सून, तिला मोबाइलवर वाचलेलं जास्त खरं वाटे. पुढं तपासणी झाली आणि सुगतला कानाची मशीन लावायची ठरली. तेव्हापासून ताट पडलं तरी, आवाजानं वळते का म्हणून, ती आधी त्याच्या मानेकडं बघे.

मशीन आली, पण ती त्याच्या कानाप्रमाणे लावून देणारा भंडाऱ्याच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर नेमका बंद पडला.

‘‘नवा आणला ताई,’’ तिथं मशीन लावून देणारा अंकुश म्हणाला. ‘‘पण कानाची मशीन कॉम्प्युटरले जोडायचा डब्बा जुन्या विंडोज सेव्हनवरच चालते, अन् सेव्हन यात बसूनच नाही राहिली. पहिल्याच पडद्यावर माऊस मरते, कीबोर्ड मरते. तुम्ही नागपूरले जा.’’

‘‘नागपूरले कधीचा नंबर लागते, कोणाले ठाऊक.’’ बोलायला शिकायचं सुगतचं वय असं वाट बघण्यात चाललं होतं. ‘‘सेव्हन बसवायचा पेनड्राइव्ह द्या मले.’’

‘‘मीच हात टेकले इथं.’’

‘‘तुम्ही टेकले. मी तं अजून लावलेच नाही.’’

मोहाडीला घरी, दुपारी सुगत झोपला की ती बसे. नव्या कॉम्प्युटरचे यूएसबी जुन्या सिस्टीमच्या ओळखीचेच नव्हते. मग सिस्टीमच्या फाइलमध्ये आधीच ती ओळख करून देणारे ड्रायव्हर घालायचे, राहिलेले अपडेट घालायचे आणि पेनड्राइव्ह नव्यानं बनवायचा. तिनं सगळं केलं. दवाखान्यात लावून पाहिलं, तर माऊस पुन्हा मेलेला.

‘‘म्हटलं होतं ना,’’ अंकुश बोलला.

घरी आल्यावर ती पार्वताबाईंना समजावून सांगू लागली. ‘‘फायली दोन असतात, आई. एक घरात येऊन राहणारी. दुसरी तिले दारातून आत आणून सोडणारी...’’ आणि बोलता बोलता थांबली. ‘‘मी माजघरात दिवा लावला अन् दारापुढच्या सपरीत अंधारच ठेवला.’’

‘‘मंग लाव ना. मले काय सांगून राहिली?’’

आणून सोडणाऱ्या फाइलमध्येही तिनं ड्रायव्हर घातले. दुसऱ्या दिवशी अंकुशनं माऊस हलवला, बाण हलला. त्यानं उठून खुर्ची तिला दिली.

सिस्टीम बसली. डब्बा जोडला. मशीन सुगतच्या कानात घालून अंकुशनं आवाज हळूहळू चढवला. रुचितानं सुगतचं नाव घेतलं. त्यानं कान धरला, मग पुढं होऊन तिच्या ओठांवर बोट ठेवलं. तिनं पुन्हा नाव घेतलं, बोट तसंच राहू दिलं.

कॉम्प्युटर बंद म्हणून परत पाठवलेल्या लोकांना अंकुशनं लगेच फोन केले. साकोलीजवळच्या एकोडीच्या गिरजाबाई तेवढ्या राहिल्या. म्हाताऱ्या, एकट्याच राहतात, मशीन डबीत पडलेली. फोन उचलतात, ‘कोन बोलते वो?’ विचारतात, उत्तर ऐकू येत नाही म्हणून ठेवून देतात. रुचितानंही करून पाहिला. म्हणून हे वाचणाऱ्यांना सांगणं: साकोलीकडं तुमचं जाणं झालं, तर एकोडीत त्यांचं घर विचारा. समोर बसा, खुणेनं सांगा की कॉम्प्युटर सुरू झाला. आणि त्या बऱ्या आहेत ना, तेवढं बघा.