पिवळ्या पाळण्याचा कबुलीजबाब

मित्रांनो, मी एक पाळणा आहे. जुना, लाकडी, पिवळ्या रंगाचा. मला पाहून आजवर कुणीही घाबरलेले नाही. उलट माझ्याजवळ आले की लोक आवाज हळू करतात आणि उगाचच हसतात. जे घडले ते घडले त्याच क्रमाने सांगतो. काही लपवणार नाही, काही वाढवणारही नाही.

मला एका सुताराने घडवले. एका मोडीत निघालेल्या दाराच्या फळ्या त्याच्याकडे पडून होत्या. त्यातून त्याने माझे सोळा गज काढले, वरचा कठडा गोल घासला आणि बुडाशी एक खिट्टी बसवली. ती सरकवली की माझे डोलणे थांबते, मूल उभे राहिले तरी मी कलंडत नाही. कठडा त्याने मुलाच्या तोंडाच्या उंचीवर ठेवला. हनुवटी टेकून मूल बाहेरचे बघेल, असा त्याचा हिशेब होता.

तिथून मी रंगाऱ्याकडे गेलो. तो पांढरी भुकटी जवसाच्या तेलात घोटायचा, तिचा एक हात द्यायचा आणि त्यावर पिवळ्याचे तीन हात. त्याचा उजवा पंजा मनगटापासून खाली लोंबत असे. ब्रश धरायचा तर डाव्या हाताने उजव्याची बोटे मिटवावी लागत. दुपार झाली की तो पोट धरून बाकावर बसायचा. जेवणाचा डबा उघडताना हात मात्र कधी धूत नसे.

"अरे, दाखव की कुणाला," सुतार म्हणाला.

"काय दाखवायचं? वय झालं."

"वय? माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेस तू."

"मग तुझं व्हायचंय अजून," असे म्हणून त्याने माझ्या कठड्यावर शेवटचा हात फिरवला.

त्याचा पिवळा उन्हात उडत नाही आणि पाण्याने निघत नाही, अशी ख्याती होती. तो इतका का टिकतो, हे कुणी विचारले नाही.

ज्या घरात मला नेले तिथे पहिला मुलगा जन्मला. त्याला आपण थोरला म्हणू. सातव्या महिन्यात त्याला दात आले आणि त्याने माझा कठडा धरला. रोज सकाळी उठले की आधी कठडा, मग दूध. मधोमध त्याच्या दातांच्या खुणा उमटल्या. त्याची आई शेजारणींना बोलावून त्या दाखवायची. "बघा, उंदीर पाळलाय आम्ही घरात!" सगळ्या हसायच्या. मलाही तेव्हा मान मिळाल्यासारखे वाटले होते. हे कबूल करायला हवे.

थोरला विलक्षण हुशार होता. सव्वा वर्षाचा असताना जिन्यावरची पावले ऐकून कोण येत आहे ते सांगायचा आणि कधी चुकायचा नाही. अडीच वर्षांचा झाला तेव्हा त्याचे शब्द जायला लागले. आधी 'दिवा' गेला. मग 'चमचा'. मग जिन्यावर बाप चढत असला तरी तो दाराकडे पाहीनासा झाला. पोट दुखते म्हणून रडायचा, जेवायचा नाही, रंग तर चुन्यासारखा पडला होता. त्याची आत्या चार दिवस राहायला आली आणि निदान करून गेली. "मामावर गेलाय. आमच्याकडे नाही बाई असं कुणी." त्याची आई खाली मान घालून भांडी विसळत राहिली.

मी त्याच खोलीत उभा होतो. माझ्या कठड्यावरचा वीतभर रंग नाहीसा झाला होता. तो कुठे गेला, हेही कुणी विचारले नाही.

दुसऱ्या मुलाच्या वेळी बापाने मला निळा रंग दिला. हा धाकटा अंगठा चोखणाऱ्यातला होता. त्याने माझ्याकडे ढुंकून पाहिले नाही. तो शाळेत पुढे गेला, कॉलेजात गेला, चांगल्या नोकरीला लागला. घरात म्हणाले, हा बापावर गेला. मी म्हणतो, त्याच्या अंगठ्याने त्याला वाचवले. थोरला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात लागला. एकाच मापाच्या खोक्याला घड्या घालण्याचे काम तो गेली वीस वर्षे करतो आणि त्याच्या घडीत केसभर फरक पडत नाही.

मी माळ्यावर गेलो. तिथे मी तीस वर्षांहून अधिक काळ होतो. वरून जिन्यावरची पावले ऐकू येत. हळूहळू आईबापांची पावले थांबली, आणि एका वर्षी एक नवे, झपाझप चालणारे पाऊल आले. ती धाकट्याची बायको.

मित्रांनो, तिच्याविषयी मी वाईट बोलणार नाही. अशी बाई घराला मिळावी लागते. पन्हाळीखाली तिने पिंप ठेवले. आंघोळीचे पाणी झाडांना जाऊ लागले. भाज्यांची देठे आणि साले मागच्या अंगणातल्या दोन माठांत जात आणि तीन महिन्यांनी त्यातून काळेभोर खत निघे. दुकानात ती स्वतःच्या बरण्या घेऊन जायची. कचऱ्याची बादली आठवड्यातून एकदाच भरायची. तिचा नियम असा, की जी वस्तू कशाची बनली आहे ते आपल्याला ठाऊक नाही, ती उंबऱ्याच्या आत येणार नाही. दुकानदार तिला पाहिले की म्हणायचा, "आल्या इन्स्पेक्टर." मी मात्र घरातलाच होतो, त्यामुळे माझी चौकशी झाली नाही.

तिला दिवस गेले. आठव्या महिन्यात तिने मला माळ्यावरून उतरवून घेतले.

"अगं, एक नवीन घेऊ ना. चाकांचा मिळतो," धाकटा म्हणाला.

"नवीन? म्हणजे एक झाड तोडा, वर प्लॅस्टिक गुंडाळा, आणि वर्षभरात फेकून द्या."

"मी पाळणा म्हटलं गं. जंगलतोडीला नव्हतो निघालो."

"जुना आहे तोच उजळू. मी घासते."

तिने पॉलिश पेपर आणला आणि बाळाच्या खोलीत मला घासायला बसली. शेजारणीचे कपडे दोरीवर होते. त्यांच्यावर धूळ नको म्हणून तिने खिडकी लावून घेतली. तीन दिवस ती घासत होती. पहिल्या दिवशी निळा गेला. दुसऱ्या दिवशी पिवळा दिसू लागला. बारीक धूळ तिच्या केसांवर, भुवयांवर, उघड्या दंडांवर बसली. मधेच ती तिथेच बसून केळे खाई. मला वाचा असती तर मी त्या खोलीत ओरडलो असतो. मला फक्त कुरकुरता येते. मी कुरकुरलो. तिने माझ्या सांध्यात तेल सोडले.

तिसऱ्या दिवशी ती मागे सरून पाहत राहिली. "अय्या, काय सुंदर पिवळा आहे! हा राहू दे."

"वरून एखादा हात मारू का?" धाकट्याने विचारले. "हाताला पीठ लागतंय बघ."

"नको. बाळ तोंड लावणार त्याला. त्यावर आजकालची केमिकलं कशाला?"

मग तिने धूळ सुपलीत भरली. वाया काही घालवायचे नाही, हा घराचा शिरस्ता. "भाऊजी, हे खताच्या माठात टाका ना. लाकडाचा भुसाच आहे, मिसळून जाईल मातीत." थोरल्याने सुपली दोन्ही हातांनी धरली आणि चिमूटभरही न सांडता माठात रिकामी केली. तो सांगितलेले काम नेहमीच नीट करतो.

बाळ जन्मले. मुलगी. सातव्या महिन्यात तिलाही दात आले, आणि तिने कठडा शोधला तो बरोबर तिथेच, काकाच्या दातांच्या खुणांलगत. अंगणात त्या माठातल्या खतावर पालक तरारून आला. आईने तो उकडून, गाळून, चमच्याने भरवायला सुरुवात केली. बाहेरचे काही नाही, सगळे घरचे, असे ती अभिमानाने सांगायची. एका बाजूला मी होतो आणि दुसऱ्या बाजूला ती वाटी.

दहाव्या महिन्यात मुलगी किरकिर करू लागली. शौचाला होईना. तळहात फिके पडले. ती 'बाबा' म्हणायला शिकली होती, ते थांबले. आईने आधी बाजारचे तांदूळ बंद केले, मग दूधवाला बदलला. शेवटी ठरवले, की काही दिवस फक्त घरचा पालकच द्यायचा. तिने चमचे वाढवले.

डॉक्टरीणबाईंनी मुलीला तपासले, औषध लिहिले. तिथे काय बोलणे झाले ते आईने घरी येऊन धाकट्याला जसेच्या तसे सांगितले, म्हणून मला कळले.

"बाई विचारत होत्या, घरात रंगकाम वगैरे काढलंय का अलीकडे."

"मग?"

"मग काय! म्हटलं, रंग? आमच्या घरात साधी फिनेलची बाटली सापडायची नाही तुम्हाला."

"आणि हसल्या असतील त्या."

"हसल्या ना. म्हणाल्या, तुमच्यासारख्या आया हव्यात."

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा आशा सोडली.

पुढच्या रविवारी थोरला माझ्याशेजारी मांडी घालून बसला होता. मुलगी कठडा चावत होती. आई वाटीत चमचा फिरवत समोर बसली होती. थोरला मुलीकडे झुकून हसला.

"गोड आहे ना गं?"

"काय गोड, भाऊजी?"

"कठडा. मी खायचो ना रोज."

"लाकूड कसं गोड असेल?"

"लाकूड नाही काही. लाकूड कडू असतं," थोरला तिला समजावून सांगू लागला. "पिवळं गोड असतं. पिवळं संपलं की लाकूड लागायचं, मग मी पुढचं पिवळं खायचो."

चमचा तिच्या हातातच राहिला. तिने कठड्यावर बोट ओढले आणि बोटाला लागलेले पिवळे पीठ पाहिले. मग कठड्यावरच्या जुन्या खुणा पाहिल्या. मग थोरल्याकडे पाहिले, खूप वेळ. एवढ्या वर्षांत त्याच्याकडे इतके निरखून कुणी पाहिले नव्हते. डॉक्टरीणबाईंचा प्रश्न तिला तेव्हा आठवला असावा, कारण ती उठली, मुलीला माझ्यातून जवळजवळ ओढून काढले, आणि अनवाणीच रस्त्यावर धावली.

रक्त तपासले, रंगाचा पापुद्रा तपासला, माठातली माती तपासली. तिन्हीकडे शिसे निघाले. मुलीच्या अंगात होते, आईच्या अंगात होते, पालकाच्या वाफ्यात होते. डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. त्यांनी मुलीला दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितले आणि मला हात लावू दिला नाही.

"तिचं गेलेलं परत येईल?" आईने विचारले.

"लवकर कळलंय. औषध चालू करू. बरंचसं येईल."

"बरंचसं म्हणजे किती?"

"ते आज सांगितलं तर खोटं होईल," बाई म्हणाल्या.

थोरला दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याला अशा बोलण्यातले फार कळत नाही, असे सगळे धरून चालतात. तो पुढे आला.

"मीपण खायचो," तो म्हणाला.

"हो, भाऊजी."

"म्हणजे मी मामावर नाही गेलो?"

धाकटा भिंतीकडे वळला. आईने थोरल्याचा हात धरला आणि म्हणाली, "नाही, भाऊजी. तुम्ही कुणावर नाही गेलात." त्याने कठड्यावरच्या आपल्या खुणांकडे पाहिले. मग म्हणाला, "आईला सांगायला पाहिजे होतं." त्याची आई जाऊन नऊ वर्षे झाली होती.

मित्रांनो, जिन्यावरची पावले ओळखणारे ते सव्वा वर्षाचे मूल माझ्याखेरीज आता कुणालाच आठवत नाही. आणि ते मी खाल्ले.

जाळायचे नाही, घासायचे नाही, तोडून टाकायचे नाही, असे नगरपालिकेच्या माणसाने माझ्याविषयी सांगितले आहे. विषारी कचऱ्याची वेगळी गाडी येऊन मला नेईल. वाफ्याची माती पोत्यांत भरून माझ्याशेजारी ठेवली आहे. मला जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मागच्या अंगणात उभे केले आहे. गाडी अजून आलेली नाही. तीन आठवडे झाले.

घर जपणाऱ्या मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर वापरा. सुताराने ज्या फळ्यांतून मला घडवले त्या वाया गेल्या नाहीत, याचा मला आजही आनंद आहे. पण जुने म्हणजे निरुपद्रवी, आणि घरातले म्हणजे ओळखीचे, असे समजू नका. बाजारातल्या वस्तूला विचारता तेवढेच प्रश्न मलाही विचारा. माझ्या अंगावर काय आहे, त्याखाली काय आहे, ते आधी तपासून घ्या. मगच पॉलिश पेपर हातात धरा. आणि घरात एखादे माणूस सावकाश बोलत असेल तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्या.

कारखान्यातून आला की थोरला स्टूल घेऊन माझ्याजवळ बसतो. परवा पलीकडच्या गल्लीतली एक बाई फाटकातून डोकावली.

"अहो, टाकताय की काय? चांगला आहे की! माझ्या लेकीला सातवा लागलाय."

"हात लावू नका. विष आहे," थोरला म्हणाला.

"पाळण्यात विष?"

"पिवळ्यात."

तिने त्याच्याकडे पाहिले आणि लहान मुलाशी हसावे तशी हसली. "बरं हो बरं," म्हणाली आणि गेली. घरात कुणाला विचारायची तिला गरज वाटली नाही. त्यालाही हे घरात सांगायला कुणी सांगितले नव्हते.

आज मुलीची पुन्हा रक्ततपासणी आहे. सगळे दवाखान्यात गेले आहेत. थोरलाही गेला आहे, कारण आज त्याचेही रक्त घ्यायचे आहे. स्टूल रिकामे आहे. भरदुपारी अंगणात ऊन पडले आहे आणि प्लॅस्टिकचा एक कोपरा वाऱ्याने सुटला आहे.

आत्ता फाटकाची कडी वाजली. दोन पावले आहेत. एक त्या बाईचे आहे. दुसरे जड आहे, सावकाश पडते, मधे थांबून श्वास घेते.

"आई, हा बघ," दुसरे पाऊल म्हणते आहे, "किती छान पिवळा!"

मी कुरकुरतो आहे, मित्रांनो. मला एवढेच येते.