धम्मदिनाच्या रक्तातली साक्षीदार

मी एक जुनी स्मृतिपेशी आहे, मित्रांनो. आज निवांत आहे, म्हणून सांगते. दिघाशी गावातल्या सहा वर्षांच्या धम्मदिनाच्या मानेतल्या एका लसिका गाठीत, कांजिण्यांचा विषाणू पकडू शकतील अशा आम्ही फक्त अकरा पेशी होतो.

विषाणू आला आणि आमचं विभाजन सुरू झालं. एकीच्या दोन, दोघींच्या चार, मग हजारो. विभाजन होताना आमची पकड थोडी थोडी बदलत होती. जिची पकड घट्ट, तीच टिकत होती. आजार सरल्यावर बहुतेक जणी मरून गेल्या. काही बहिणी हाडांच्या मज्जेत जाऊन प्रतिपिंडे बनवत बसल्या. माझ्यासारख्या मोजक्या जणी विषाणूची ओळख जपत फिरत राहिल्या.

बावीस वर्षं मला काम नव्हतं. पाठांतरासाठी धम्मदिनाला शाळेत बक्षीस मिळालं. आमच्या आठवणीचं नाव कुणी काढलं नाही.

गेल्या सोमवारी तिचा नवरा सुमित दापोड्याच्या गोदामातली ड्युटी अर्धी टाकून, तापाने फणफणत पडघ्याला घरी आला. मंगळवारी त्याच्या अंगभर फोड उठले. धम्मदिनाला तिसरा महिना होता.

"आत येऊ नकोस हां!" तो बंद दारामागून ओरडला.

"नाही येत. तू आरसा मागू नकोस, भाजलेल्या पापडासारखा दिसतोयस."

ती हसली, पण हात पोटावरच होता.

तिच्या डॉक्टर विद्युल्लतांनी तिला विचारलं, "लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात का? नसतील तर बाळालाही धोका असतो, लगेच इंजेक्शन द्यावं लागेल."

तिने दिघाशीला आईला फोन लावला.

"फोड आलं व्हतं बाय," जाईबाई म्हणाल्या. "लिंबाच्या पाल्यावर निजवलं व्हतं तुला. पन गोवर व्हता का कांजन्या, मला ठाव न्हाय."

"डॉक्टरला नाही दाखवलं?"

"पाल्यानंच उतरलं, मग डाक्टर कशाला?"

कागद कुठेच नव्हता. साक्षीदार मी होते, पण पेशीला तोंड नसतं. विषाणू पुन्हा आत आला तेव्हाच मी त्याला ओळखलं होतं आणि माझं विभाजनही सुरू झालं होतं. तिला मात्र रक्त तपासायला देऊन वाट पाहावी लागली.

मित्रांनो, तुम्हाला कोणते आजार होऊन गेले, कोणत्या लसी दिल्या, हे घरातल्या मोठ्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा. आम्ही आठवण ठेवतो, पण ती सांगणं आमच्या हातात नाही.

काल दुपारी डॉक्टरांचा फोन आला. रक्तात असल्यामुळे मला तिची नाडी कळते: मिनिटाला एकशे अठरा ठोके.

"प्रतिपिंडांचं प्रमाण अकराशे चाळीस आलंय," डॉक्टर म्हणाल्या. "एकशे पासष्टच्या वर असलं की संरक्षण आहे. इंजेक्शन नको."

दहा मिनिटांनंतर: मिनिटाला ब्याऐंशी ठोके.