अंशुमनच्या नावाने

“आंटीजी, उस टाइम ये सुविधा होती ना, तो अंशुमन भैया आज मामा बननेवाले होते,” टाय लावलेला तो कंपनीचा माणूस म्हणाला, आणि चहा घेऊन येणाऱ्या हेमलताबाई दारातच थबकल्या.

ह्याला अंशुमनचं नाव कुणी सांगितलं? त्यांनी लेकीकडे पाहिलं. पहिल्या बाळंतपणासाठी गुडगावहून दिल्लीत मयूर विहारला, माहेरी आलेली अपूर्वा पाठीशी उशी घेऊन बसली होती. तिने नजर चुकवली.

“फोनवर विचारलं त्यांनी, घरात कुणाला ब्लडचा प्रॉब्लेम होता का. मी बोलून गेले, आई.”

बोलून गेली! पोरगा गेल्यापासून सतरा वर्षं ह्या घरात ते नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. आणि ह्या मेल्याने ते सोफ्यावर बसून, गोड हसत, विकायला काढलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात ती हीच, हेमलताबाईंच्या मनात आलं. त्यांनी ट्रे टीपॉयवर आदळला.

बाळ जन्मलं की नाळेतलं रक्त काढून घ्यायचं, त्यातल्या स्टेम सेल गोठवून ठेवायच्या, पुढे बाळाला मोठा आजार झालाच तर कामी येतील, असा तो धंदा होता. गुडगावच्या नव्या सोसायट्यांत लोक फ्लॅट बुक करावा तसं हेही बुक करत होते. जावई परीक्षितच्या ऑफिसात म्हणे सगळ्यांनी केलं होतं. विहीणबाई तर फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, “पहिलं बाळंतपण माहेरचंच असतं, नाही का?” म्हणजे ह्याचा खर्चही माहेरानेच करायचा. तेही हेमलताबाईंनी गिळलं होतं.

पण आता नवऱ्याने, गुणवंतरावांनीच, फॉर्मवर सही करायला हात पुढे केला होता.

“पेन दीजिए.”

“अहो, थांबा जरा.”

“आता नाही थांबायचं,” गुणवंतराव म्हणाले. “एकदा थांबलो तेवढं पुरे झालं.”

हेमलताबाईंना पुढचं सांगायला नको होतं. अंशुमनला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात हलवायला सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागत होती. गुणवंतराव तेव्हा केंद्र सरकारच्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. वरच्या साहेबांचा एक फोन गेला असता तर चिठ्ठी घरपोच आली असती. दिल्लीत गॅसच्या सिलिंडरलासुद्धा लोक वशिला लावतात. पण कुणाच्या पुढे घुसायचं नाही, हे ह्यांचं ब्रीद! रोज सकाळी डबा घेऊन रांगेत उभे राहिले. चिठ्ठी मिळाली तेव्हा पोराच्या अंगात काही उरलं नव्हतं.

ह्या माणसाने नेमकं तेच दुखणं हेरलं होतं. “टाइम पे डिसीजन, अंकल,” असं तो मघापासून दर दोन वाक्यांनी म्हणत होता.

हेमलताबाई त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

“बेटा, एक बात बताओ. बीमारी तो मेरे बेटे के अपने खून में थी. उसकी नाल का खून रखा होता, तो वही वापस उसको चढ़ाते क्या?”

“आंटीजी, हमारी मेडिकल टीम आपको...”

“टीम को छोड़ो. तुमने मेरे बेटे का नाम लिया है. तुम बताओ.”

तो घाम पुसू लागला. “उस बीमारी में... बच्चे का अपना वाला आमतौर पर नहीं देते, जी. लेकिन दूसरी बीमारियों में...”

“तो फिर उसका नाम क्यों लिया?” हेमलताबाई एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला. “शरम नहीं आती? चलो, उठो!”

तो सॉरी सॉरी म्हणत बॅग गोळा करून निघून गेला. अपूर्वा रडत होती. “आई, सॉरी यार. नको आपल्याला हे. परीक्षितला मी सांगते,” म्हणत ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

गुणवंतराव तसेच बसून होते.

“म्हणजे हे असतं तरी तो गेलाच असता.”

“हो.”

“आणि मी रांगेत उभा राहिलो नसतो तर?”

हा प्रश्न त्यांनी विचारावा म्हणून हेमलताबाई सतरा वर्षं खोळंबल्या होत्या. उत्तर कधीचं तयार होतं. भाजी चिरताना, ऑफिसच्या बसमध्ये, लग्नाकार्यात हसताना, मनातल्या मनात त्यांनी ते किती वेळा नवऱ्याच्या तोंडावर फेकलं होतं.

“तरी गेलाच असता,” त्या म्हणाल्या.

गुणवंतरावांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं, हे दिसतच होतं.

“माझ्यावर रागावलीस तरी चालेल, हेमा.”

“रागावलेलीच आहे,” हेमलताबाई म्हणाल्या, आणि मधली उशी बाजूला करून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.