रानाच्या कडेची कुरुबा

मित्रांनो, तुमच्या कुंपणावर फुलणाऱ्या कृष्णकमळाची मी लांबची बहीण. अँडीजच्या धुकट रानातली एक म्हातारी रानवेल. इथली माणसं मला कुरुबा म्हणतात.

ओकच्या झाडाला बिलगून मी वर चढले. माझी गुलाबी फुलं लांब नळीसारखी. त्यांच्या तळाचा मध एकाच पाखराला मिळे, लांबलचक चोचीच्या हमिंगबर्डला. तो पराग नेई, तेव्हा कुठे मला पिवळी, आंबटगोड फळं धरत.

खालच्या घरात एडेल्मिरा लग्न होऊन आली आणि माझ्या फळांवर तिचा जीव जडला. नवरा आर्सेनियो झाडावर चढला की ती खालून ओरडे, "पडणार असाल तर आधी फळं टाका, मग पडा!" गर दुधात घुसळून दोघं पीत.

पुढे गाईंना कुरण हवं म्हणून आर्सेनियोने रान तोडायला घेतलं. एडेल्मिरा माझ्या झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"हे झाड नाही तोडायचं."

"अगं, एवढ्याशा वेलीपायी?"

"हो, एवढ्याशा वेलीपायी!"

तो हसला आणि पुढे गेला. माझं झाड तेवढं उरलं. मला किती अभिमान वाटला!

पुढच्या बहरात मी फुलांनी लगडले. पण रान तुटलं, तशी पाखरं वरच्या उतारावरच्या रानात निघून गेली होती. उघड्या कुरणात एकही उतरलं नाही. फुलं गळाली. मग दर बहराला तेच.

त्यातच एडेल्मिरा अंथरुणाला खिळली. घशाखाली काही उतरेना. तिने कुरुबाचा एक घोट मागितला. आर्सेनियो पावसात आला, पान न् पान उलटून पाहिलं.

"एवढी फुलं, आणि फळ एकही नाही? काय झालं गं तुला?"

तो रिकाम्या हातांनी परतला. चार दिवसांनी तिची शवपेटी माझ्यासमोरून गेली.

पाऊस सरल्यावर तिचा भाऊ लिसांद्रो करवत घेऊन आला. "भावजी, वरचा उतारही साफ करू. हवं तर एखादं झाड ठेवू की तिच्या आठवणीला."

आर्सेनियोने माझ्या बिनफळांच्या फांदीवरून हात फिरवला.

"नको. वरचं सगळं रान राहू दे. एक झाड ठेवून काही होत नाही, लिसांद्रो. मी ठेवून बघितलंय."

मित्रांनो, कुणाला जपायचं असेल, तर त्याचे सोबतीही जपा. एकटं उरणं म्हणजे जगणं नव्हे.