पळीला निरोप

कायोच्या हातून पळी निसटली, चुलीच्या दगडी काठावर आपटली आणि दुभंगली.

रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना चाखायला द्यावी म्हणून आम्ही संग्रहालयात वरीची पेज शिजवत होतो. संग्रहालय म्हणजे सारू नदीकाठच्या आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या, आम्हा आयनू लोकांच्या जुन्या वस्तूंनी भरलेल्या. ती पळी माझ्या आजोबांनी आजीसाठी कोरली होती. आजीच्या वापरातली तेवढी एकच वस्तू उरली होती.

"काचेत ठेवा म्हणून कितीदा सांगितलं," माझा मुलगा तेत्सुजी म्हणाला. "पण नाही! बाबांना वस्तू वापरून दाखवायच्या असतात."

"वापरली नाही तर ती पळी कसली?"

"मग आता दाखवा वापरून."

त्याची नऊ वर्षांची मुलगी कायो दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन बसली होती. मी सरस शोधू लागलो.

"आजोबा, सरस कशाला?"

"चिकटवू. कुणाला कळणारही नाही."

"पण तुम्हीच शिकवलंत ना? वस्तू मोडली की तिचं काम संपलं. तिच्यातला देव घरी जायला निघतो. त्याला खाऊ देऊन पाठवायचं."

शिकवलं होतं खरं. चाळीस वर्षं, येईल त्या प्रत्येक मुलाला. पण तेव्हाच्या पळ्या दुसऱ्यांच्या होत्या.

"ही वेगळी आहे गं."

"का? हिला घर नाही?"

तेत्सुजी हसला नाही. त्याने कागद आणला, तुकडे जुळवून ठेवले आणि पेन्सिलीने त्यांच्या कडेने रेघ ओढली. "नवी कोरीन मी," तो म्हणाला. "आज पेज वाडग्यानेच वाढू."

घरामागे देवांसाठी वाळुंजाच्या काठ्या रोवल्या आहेत. त्यांच्यावर तासून लोंबत्या ठेवलेल्या कुरळ्या ढलप्या वाऱ्यावर हलत होत्या. कायोने त्यांच्यापुढे मूठभर वरी आणि चिमूटभर तंबाखू मांडली. पळीचे तुकडे घेऊन मी वाकलो, पण बोटं उघडेनात. या पळीने पेज वाढणारी आजी पाहिलेला आता मी एकटाच.

"सावकाश, आजोबा. घाई नाही."

मुलांना सुरी धरायला शिकवताना मी म्हणतो, अगदी तसंच कायो म्हणाली.

मग मी पळीशी आमच्या भाषेत बोललो. खूप वर्षं आम्हाला भरवलंस. दमली असशील. हा खाऊ घेऊन जा, तिकडे सगळ्यांना वाट. वाटलं तर पुन्हा ये.

दोन्ही तुकडे वरीवर ठेवले. हात मोकळे झाले. ते कुठे ठेवावेत, हे बराच वेळ सुचेना.