वामीची गोष्ट सांगणारा खांब

मित्रांनो, मी जंगलातल्या पायवाटेवरचा एक जुना खांब आहे. पूर्वी मी बोलत असे.

मी निलगिरीचे झाड होतो. वादळात पडलो, तेव्हा नदीकाठच्या एका मावशीने मला इथे आणवले आणि तापलेल्या तारेने माझ्या अंगावर तीन वळणांची वाम, म्हणजे सापासारखा लांब मासा, डागून काढली. मावशीचे नाव मी सांगणार नाही. आमच्याकडे, इथल्या आदिवासींत, गेलेल्या माणसाचे नाव घेत नाहीत.

वाम नदी सोडून समुद्रात का जाते, ही मावशीच्या घराण्याची गोष्ट. वनरक्षक क्लाइव्ह तिचा आवाज माझ्या पोटात बसवलेल्या यंत्रात भरून घेत होता.

"मावशी, जरा सावकाश सांगा."

"सावकाशच सांगतेय रे. तुझ्याच कानांना घाई झालीय."

सांगता सांगता तिचे बोट वामीच्या तिसऱ्या वळणाशी आले, तेव्हा तिला जोराचा खोकला आला. क्लाइव्ह म्हणाला, "परत घेऊ या."

"राहू दे. खोकलाही माझाच आहे."

मग कितीतरी वर्षे लोक बटण दाबत, वामीवरून बोट फिरवत आणि ऐकत. मावशीची भाची लोरेटा घरची सगळी मुले घेऊन येई. खोकला आला की सगळे खो खो हसत.

मावशी गेली. गेलेल्याचा आवाजही आम्ही काही काळ झाकून ठेवतो. क्लाइव्हने यंत्र बंद केले, लोरेटाने बटणावर कापड बांधले आणि शेजारी शोकाची पाटी लावली.

"आवाजाची एक प्रत काढून ठेवू का?" क्लाइव्हने विचारले.

"प्रत काढताना कुणीतरी ऐकणारच ना? आत्ता नको. घरातला थोरला मामा सांगेल तेव्हा."

बहुतेकांनी पाटीचा मान राखला. काहींनी कापड ओढून बटण दाबले. मी बोललो नाही म्हणून कुणी थपडा मारल्या, कुणी लाथा. माझे झाकण तडकले. त्या फटीतून पावसाचे पाणी थोडे थोडे आत झिरपत राहिले.

अखेर मामाने होकार दिला. क्लाइव्हने यंत्र चालू केले आणि लोरेटाने बटण दाबले. नुसती खरखर आली. क्लाइव्हने झाकण उघडले. आत तारांवर हिरवा गंज चढला होता.

"दुरुस्त होईल?"

"यंत्र नवं बसवता येईल, लोरेटा. आवाज नाही."

ती माझ्याजवळ आली. मग वामीच्या डोक्यावर बोट ठेवून स्वतःच गोष्ट सांगू लागली. पहिले वळण झाले, दुसरे झाले. तिसऱ्याशी ती हुबेहूब मावशीसारखी खोकली, किंचित हसली आणि थांबली.

"पुढे काय होतं रे?"

"इथे आपण हसायचो," क्लाइव्ह म्हणाला.

"हो. दर वेळी."

तिचे बोट तिथेच राहिले.

पुढचे वाक्य मला पाठ आहे. पण ते मावशीच्या घरचे आहे, आणि तिच्या आवाजाशिवाय ते लोरेटापर्यंत पोहोचवायला मला तोंड नाही.

मित्रांनो, गप्प उभ्या असलेल्याला लाथ मारू नका. आणि घरातले म्हातारे माणूस गोष्ट सांगताना खोकले, तर खुशाल हसा. पण लवकर थांबा. खोकल्यानंतरही ते काहीतरी सांगत असते.