न मोजलेला प्लग

मशीन थांबलं तेव्हा अपेक्षा बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. काय बदललं ते आधी तिला कळलंच नाही. दिवसरात्र कानात बसलेली घरघर एकाएकी नाहीशी झाली आणि घर मुकं झाल्यासारखं वाटलं. मग आतून लांबलचक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. ओला टॉवेल तिथंच टाकून ती आत धावली.

आप्पा, म्हणजे तिचे सासरे बजरंगराव, पलंगावर उशांना टेकून बसले होते. फुफ्फुसांनी दगा दिल्यापासून त्यांचा श्वास त्या मशीनवर चाले. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून ते नळीनं नाकापर्यंत पोचवायचं. आता त्याचा हिरवा दिवा विझला होता.

"लाइट गेली काय?" आप्पांनी विचारलं.

तिनं वर पाहिलं. पंखा गरगरत होता, ट्यूबलाइट जळत होती. म्हणजे लाइट होती! मशीनची पिन काढून तिनं हॉलमधल्या बोर्डात लावली. काही नाही. स्वयंपाकघरात लावली. तिथंही काही नाही. वर दिवे लख्ख आणि भिंतीतले प्लग मात्र सगळे मेलेले.

अडीनडीला ठेवलेला छोटा सिलिंडर तिनं ओढत आणला, नळी जोडली, चावी फिरवली. काटा लाल पट्ट्याच्या जरा वर थरथरत उभा राहिला. मोठा सिलिंडर भरून आणायला तिचा नवरा विश्वजीत सकाळीच बाहेर पडला होता. तिनं आधी अँब्युलन्सला फोन लावला, मग त्याला.

"अगं, मी स्वारगेटला अडकलोय. गाडी जागची हलत नाहीये."

"अहो, पंखा चालू आहे, पण एकाही प्लगला करंट नाही. शेजारी कुलूप आहे. काय करू मी?"

"ऐक. दिव्यांची लाइन वेगळी असते आणि प्लगांची वेगळी. दाराच्या वरचा डबा उघड. त्यात एक जाड बटण खाली पडलं असेल. कुठंतरी वीज गळतेय. कुणाला शॉक बसू नये म्हणून ते आपलं आपणच पडतं. सगळे प्लग काढ. नुसती बटणं बंद करू नकोस, पिना बाहेर काढ. मग ते वर कर."

"मी? मी हात लावू त्याला?"

"मग काय आप्पा लावणार? हात कोरडे कर, रबरी चप्पल घाल. जा."

लहानपणी माहेरी पंपाच्या ओल्या वायरीनं तिला फेकून दिलं होतं. तेव्हापासून ती साधा बल्बसुद्धा बदलत नसे. पदराला हात पुसत ती घरभर पळाली. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, टीव्ही, गिझर, चार्जर, सगळ्यांच्या पिना उपटल्या. मग स्टुलावर चढली, डोळे मिटले आणि बटण वर केलं.

फट्! बटण पुन्हा खाली.

तिच्या तोंडून किंकाळी निघाली. तिनं परत वर केलं. परत फट्.

आता भिंतीच्या आतच काही जळत असेल का? ती प्लास्टरला नाक लावून वास घेऊ लागली.

"त्या डब्याला सांग," पलंगावरून आप्पा तुटक तुटक बोलले, "मला काय... घाई न्हाई."

थट्टा होती, पण आवाज त्यांचा नव्हता. ओठ निळसर दिसू लागले होते. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा घसरत होता आणि सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात शिरला होता.

'सगळे प्लग काढ,' विश्वजीत म्हणाला होता. काढले की! ती स्वयंपाकघरात मधोमध उभी राहून एकेक बोर्ड पुन्हा बघू लागली. ओट्याच्या टोकाला देव होते. देवांपुढे विजेची समई होती, प्लगांबरोबर तीही विझलेली.

घरात ऑक्सिजन आला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, काडी ओढायची नाही, निरांजन लावायचं नाही, ऑक्सिजनजवळ आग भडकते. म्हणून ही समई आली. आप्पांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "ह्यो दिवा विझवायचा न्हाई. तुझ्या सासूनं, आनंदीनं, कधी विझू दिला न्हाई." तेव्हापासून त्या बटणाला कुणाचा हात लागला नव्हता. घरातली माणसं मोजताना देवाला कुणी मोजत नाही, तसा प्लग मोजताना तो प्लग कुणीच धरत नसे.

आज संकष्टी. आप्पांच्या सांगण्यावरून सकाळी तिनंच गणपतीला अभिषेक घातला होता. ताम्हण भरून वाहिलं होतं आणि समईचं बूड अजून त्या पाण्यात उभं होतं.

हात पुढे गेला आणि थबकला. एकीकडे माणसाचा श्वास तुटतोय आणि आपण देवाचा दिवा उपटायचा? त्यातून काही वाईट झालं तर?

"आप्पा!" ती ओरडली. "देवाचा दिवा काढू का?"

तिनं पुन्हा हाक मारली.

"आप्पा, ऐकताय ना?"

नुसती घुसमटलेली उचकी ऐकू आली. डब्यातलं बटण पडलेलंच आहे, हे तिनं मान वळवून एकदा पाहिलं, समईची पिन धरली आणि खेचली. मग स्टुलावर चढून बटण वर केलं. कान टवकारून ती वाट बघत राहिली.

फट् झालं नाही.

तिनं फक्त मशीनची पिन पलंगाशेजारच्या बोर्डात लावली. मशीन कण्हलं, शिट्टी मारली आणि घरघरू लागलं. आधी पिवळा, मग हिरवा. सिलिंडरची नळी काढून तिनं मशीनची लावली आणि एका हातानं पिन भिंतीत दाबून धरत दुसऱ्यानं आप्पांची पाठ चोळत बसली. बोटावरचा आकडा कितीतरी वेळ हललाच नाही. मग एकानं वाढला. मग आणखी एकानं.

बऱ्याच वेळानं आप्पांनी डोळे उघडले.

"दिवा काढलास?"

तिनं पाठीवरचा हात थांबवला. "काढला, आप्पा."

त्यांनी दोन-तीन श्वास घेतले. "मग मला... इचारत कशाला बसली हुतीस? मी काय जीव सोडून... हो म्हणाया येनार हुतो?"

तिला हसू आलं आणि रडूही. फोन वाजत होता, खाली अँब्युलन्सचा भोंगा ऐकू येत होता. दार उघडायला उठायला हवं होतं, पण भिंतीतल्या त्या पिनेवर दाबून धरलेला हात काही केल्या तिला सोडवेना.